कॅमेऱ्याआधी पंचांग

नेरूळ, नवी मुंबई

प्रिय मंदार,

नव्या कॅमेऱ्याबद्दल अभिनंदन. तू विचारलंस, सेटिंग काय ठेवू? सांगतो, पण ठाण्याच्या खाडीवर पक्ष्यांचा फोटो निम्माअधिक भरतीच ठरवते, म्हणून आधी ती.

ओहोटीला रोहित (फ्लेमिंगो) चिखलावर चरायला दूर पसरतात, तुझी १००-४०० मिमीची लेन्स तिथे पोचणार नाही. पाणी चढलं की चिखल बुडतो आणि पक्षी काठाकडे, सीवूड्सच्या पाणथळींकडे सरकतात. कोळ्यांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. द्वादशीला नऊ, त्रयोदशीला पावणेदहा. ठाण्याच्या बाजूला खाडीच्या आत पाणी थोडं उशिरा चढतं. अष्टमीची भरती सकाळी सहाला येते खरी, पण ती भांगाची, म्हणजे लहान भरती; पाणी फार चढत नाही, चिखल बराचसा उघडाच राहतो. पौर्णिमा-अमावस्येला उधाण जोरात, पण ऐन दुपारी, आणि त्या उजेडात गुलाबी पक्षी पांढरा दिसतो. म्हणून सकाळसाठी द्वादशी-त्रयोदशी धर आणि भरतीच्या दोन तास आधी पोच.

काठ कुठला, तेही ठरव. नवी मुंबईकडून खाडी पश्चिमेला, म्हणजे सकाळचं ऊन तुझ्या पाठीशी. भांडुपच्या बाजूने उलटं, तिथे संध्याकाळ. तिकडे तृतीया ते पंचमी चांगली, भरती सव्वादोन ते पावणेचार. पाणी उतरताना चारनंतरचं ऊन मिळतं.

आता कॅमेरा. मॅन्युअल मोड, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ऑटो, कमाल ६४०० वर बांधून टाक. ॲपर्चर लेन्सचं असेल तेवढं उघडं. शटरचा वेग बसलेल्या पक्ष्याला १/५०० सेकंद, चरणाऱ्याला १/१०००, उडणाऱ्याला १/२०००. पंखाची टोकं पुसट आली तर १/३२०० कर, आयएसओ वाढलं तरी चालेल. दाणेदार फोटो नंतर सावरता येतो, हललेला नाही. फोकस कंटिन्युअसवर आणि शटरऐवजी मागच्या बटणावर घे. पक्ष्याचा डोळा ओळखण्याची सोय एकट्या पक्ष्याला झकास, पण थव्यात ती भलत्याच्याच डोळ्यावर बसते आणि कांदळवनात फांद्यांना चिकटते. तिथे एकच छोटा पॉइंट ठेव.

एक्स्पोजरमध्ये नवशिके हमखास फसतात. मीटर समोरचं सगळं मधल्या राखाडीवर आणू पाहतो. गडद चिखलावरचा बगळा त्यामुळे जळतो, तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे ०.७ दे. पांढुरक्या आभाळातली घार काळा डाग होते, तिला अधिक १. शेकाट्या सगळ्यांत चिवट: पाठ काळी, पोट पांढरं. पोट वाचव, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढलंस तर काळ्यातले तपशील मागाहून वर येतात, जळालेलं पांढरं येत नाही.

सरावाला मात्र रोहित नकोत. वंचक बगळा घे, तळ्याकाठी मिनिटं-मिनिटं पुतळा होऊन बसतो. मग घारी, गच्चीवरूनही मिळतात आणि संथ वळतात. येऊर आणि कर्नाळ्याची जंगलं नंतर. झाडीत उजेड इतका कमी की हळद्या दिसतो, पण फोटोत नीट येत नाही. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नकोस. विणीच्या दिवसांत पक्षी त्यापायी घरट्यापासून हलतो.

ऐरोलीहून वनखात्याची बोट मिळते. खाडीचा हा भाग २०१५ पासून रोहित अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ. बोटीत ट्रायपॉड घेऊ नकोस आणि लेन्स कठड्याला टेकवू नकोस. इंजिनाची थरथर थेट फोटोत उतरते. कोपरं अंगाशी, गुडघे सैल, शटर १/२००० च्या खाली नाही.

ऊन चढलं की चिखलावरची हवा हलायला लागते आणि दूरचे पक्षी विरघळल्यासारखे येतात. तेव्हा लेन्सला शिव्या देऊ नकोस. जवळचे तुतवार (छोटे चिखलपक्षी) काढ, नाहीतर सरळ मिसळ खायला जा.

एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढू नकोस, काच धुकटते. अर्धा तास बंद बॅगेतच राहू दे. खाऱ्या हवेतून परतलास की आधी ब्लोअर, मग किंचित ओलं कापड, शेवटी कोरडं. पावसाळ्याआधी ड्राय बॉक्स घे, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत ठेव; नाहीतर लेन्सच्या आत बुरशी धरते.

पहिल्या शंभरेक रॉ फाइली पुसू नकोस, पेन ड्राइव्हवर घेऊन ये. येत्या द्वादशीला सकाळी सातला सीवूड्स स्टेशनबाहेर भेटू.

तुझा,
अनिरुद्ध