दाढ काढण्याआधी हे वाच

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

काल तू म्हणालीस, "आई, तू तिथली सिस्टर नाहीयेस," आणि फोन ठेवलास. खरं आहे. म्हणून लिहायला बसले. लिहिताना निदान माझा आवाज चढत नाही.

आधी चांगलं बोलते. खालच्या दोन्ही दाढा आडव्या आहेत, डावीचं मूळ नसेच्या अगदी जवळ आहे, म्हणून तुकडे करून काढणार, हे तू ओपीजी (जबड्याचा एक्स-रे) बघून इतकं नीट समजावलंस की बाबा नंतर बराच वेळ "आपली सई बघ" करत होते. मलाही बरं वाटलं. पण त्यापुढे तू म्हणालीस, "मला काहीच कळायला नको, सरळ झोपवा म्हणून सांगणार आहे," आणि तिथे माझं बिनसलं.

घोरण्याचं डॉक्टरांना सांगितलंस का? तू उत्तर दिलं नाहीस, म्हणजे नाही सांगितलंस.

बरं, ते बाजूला ठेवते. औषधांचं बोलू.

दुखणं थांबवतं ते हिरडीत टोचलेलं लिग्नोकेन, जागा बधिर करणारं. गुंगीचं कुठलंही औषध घेतलंस तरी ते इंजेक्शन असतंच. गुंगी असते ती भीतीसाठी. गॅस त्यातला सगळ्यात सौम्य. नायट्रस ऑक्साइड ऑक्सिजनमध्ये मिसळून देतात, काही मिनिटांत अंग सैल पडतं, काम संपलं की नुसता ऑक्सिजन देतात आणि थोड्या वेळात माणूस ताळ्यावर येतो. हार्टफर्डच्या हॉरेस वेल्स या दंतवैद्याने ११ डिसेंबर १८४४ रोजी हाच गॅस घेऊन स्वतःची दाढ काढून घेतली होती. पुढच्याच महिन्यात बॉस्टनला सगळ्यांसमोर प्रयोग केला, तर रुग्ण ओरडला आणि बिचाऱ्याचं हसं झालं. आता सोबत लिग्नोकेन असतं, त्यामुळे तशी वेळ येत नाही. पण गॅस नाकावरच्या मास्कमधून ओढायचा असतो आणि तुझं नाक कायम बंद. तू तोंडाने श्वास घेतेस. लहानपणापासून. म्हणून तुला तो कितपत लागू पडेल, मला शंका आहे.

मग राहतं मिडाझोलम, शिरेतून द्यायचं गुंगीचं औषध. माझं मत विचारशील तर हेच. (विचारलेलं नाहीस, माहीत आहे.) दोन-तीन मिनिटांत चढतं आणि थोडं थोडं देऊन थांबता येतं. तू जागी असशील, "तोंड उघडा" म्हटलं की उघडशील, पण नंतर त्यातलं फारसं काही आठवणार नाही. मी असे कितीतरी लोक पाहिलेत, सगळं आटोपल्यावर विचारतात, "सुरू कधी करणार?" तुला जे हवंय, काही कळायला नको, ते बहुतेक यातच मिळतं. पूर्ण झोपायची गरज नाही. शिवाय त्यावर उतारा आहे, फ्लुमाझेनिल. फक्त त्याचा असर कधी कधी मिडाझोलमच्या आधी ओसरतो आणि माणूस पुन्हा पेंगतो, म्हणून उतारा दिलेल्याला लगेच घरी सोडत नाहीत.

मिडाझोलमबरोबर फेंटानिल (जोरदार वेदनाशामक) देणार असतील तर मात्र विचार. दोन्ही मिळून श्वास मंदावतो, आणि ज्याचा श्वास झोपेत आधीच अडतो त्याचा...

पुन्हा तिथेच आले.

तू म्हणतेस ते सरळ झोपवणं म्हणजे प्रोपोफॉल. पांढरंशुभ्र, दुधासारखं. हातात जाताना जळजळतं आणि मिनिटभरात माणूस गेलेला असतो, म्हणजे झोपेत. उतरतंही पटकन, डोकं जड राहत नाही, म्हणून लोकांना आवडतं. पण त्याला उतारा नाही. आणि हलकी गुंगी कुठे संपते, खोल झोप कुठे सुरू होते, ती रेघ प्रत्येकाची वेगळी असते. एखादा थेंब जास्त झाला की जबडा सैल, जीभ मागे. दाढेच्या कामात तर तोंडात पाणी, रक्त, कापूस, सगळं तिथेच, आणि श्वासाची वाटही तीच. म्हणून प्रोपोफॉल असेल तर डोक्याशी वेगळे भूलतज्ज्ञ हवेत. दाढ काढणाऱ्याने दाढच काढावी, श्वासावर नजर दुसऱ्याची. याबाबतीत मी हटणार नाही, मग तू फोन आपटलास तरी चालेल.

गुंगीची आणखी दोन औषधं आहेत. केटामिनमध्ये श्वास सहसा टिकतो, पण लाळ वाढते, बीपी चढतं आणि काहींना भलतीसलती स्वप्नं पडतात. डेक्समेडेटोमिडीन श्वासाला फारसा धक्का लावत नाही, पण नाडी मंदावते आणि चढायला वेळ घेतं. तुझ्या डॉक्टरांनी ही नावं घेतली नाहीत, म्हणून पुढे जाते.

शैलाआत्या आदल्या रात्रीसाठी डायझेपाम, झोपेची गोळी, देईल. घेऊ नकोस. ते एका रात्रीत जात नाही, दोन-दोन दिवस अंगात रेंगाळतं, आणि सकाळचं इंजेक्शन त्याच्यावर चढतं. तिला वाईट वाटेल, मी बघते.

बघ, प्री-ऑपचा (ऑपरेशनआधीचा) कागद भरत बसल्यासारखं झालं. माफ कर. तुझं वय काय आणि मी काय सांगत बसले आहे.

टॉन्सिलच्या वेळी मला आत घेतलं नव्हतं, आठवतं का तुला? नसेलच. सगळा स्टाफ माझ्या ओळखीचा, तरी म्हणाले, "आज तुम्ही आई आहात, बाहेर बसा." ते बरोबरच होते. पण दाराबाहेर मला मॉनिटरची बीप ऐकू येत होती, आणि ती बीप मी आयुष्यभर ऐकलेली. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, उतरलं की तिचा सूर खाली येतो. तुझी एकदा आली, क्षणभरच, लगेच वर गेली. बाबा शेजारी पेपर वाचत होते, त्यांना काही कळलं नाही. मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

टॉन्सिल गेल्या, घोरणं कमी झालं, आणि गेल्या वर्षी परत आलं. रमेशकाकाचंही असंच सुरू झालं होतं. तुला चुलत भावंडांनी चिडवलेलं लागलं होतं, म्हणून तू कुणाला सांगत नाहीस, हे मला समजतं. पण भूलतज्ज्ञ विचारतील: घोरता का, दिवसा झोप येते का, झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहिलाय का. तिसऱ्या प्रश्नाला "नाही" म्हणू नकोस. मी पाहिलाय. तू इथे आलेली असताना, रात्री. किती वेळ ते मोजलं नाही, हात लावून कुशीवर वळवलं.

हे कळलं की ते औषध बेताने देतील, श्वासाचा कार्बन डायऑक्साइड मोजणारी नळी लावतील. ऑक्सिजन चालू असताना बोटावरचं यंत्र उशिरा बोलतं, ही नळी लगेच सांगते. कदाचित तुला मोठ्या रुग्णालयात या म्हणतील. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

बाकी तुला ठाऊक आहे. सहा तास काही खायचं नाही, तळलेलं-तेलकट असेल तर आठ. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. नंतर २४ तास गाडी नाही, कशावर सही नाही. त्या रात्री उताणं झोपू नकोस, उशी उंच घे. दुखलं तर डॉक्टरांना विचारून आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल. कोडीन, ट्रामाडॉल ही जोरदार वेदनाशामकं तुला नकोत, कारण तेच, श्वास.

सोबत बाबा येतील. मी यायचं की नाही ते तू ठरव. आले तर बाहेर बसेन आणि एक शब्द बोलणार नाही.

तुझी,
आई

ता. क. सुजेसाठी अँटिबायोटिक कुठलं चालू आहे? एरिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन असेल तर मिडाझोलम अंगात जास्त वेळ राहतं. गोळ्यांच्या पट्टीचा फोटो पाठव, आणि डॉक्टरांनाही दाखव.