बापूस, नवापूरहून

चि. बापू यास,
प्रभू येशूच्या नावात सलाम आणि आशीर्वाद.

फोनवर बोलायला गेलं की रडू येतं नाहीतर राग येतो, म्हणून लिहिते. चांदसैली घाटात तुझी गाडी घसरली, गुडघ्याला सहा टाके पडले, हे मला आठ दिवसांनी कळलं. तेही चिमीकडून, ‘आजी, पप्पा लंगडतात.’ सुनबाईवर चिडू नकोस, तिनं तोंडातून शब्द काढला नाही.

गाडीचा हेडलाइट बदललास का? नाताळात आलास तेव्हाच मिणमिणत होता.

रात्री पाड्यावरून बोलावणं आलं तर जाऊ नको, असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? पाळकाच्या घरात जन्म काढला मी. 1994 च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग आला, आगगाड्या भरभरून माणसं पळत होती. तू सात महिन्यांचा. तुझे वडील, नाना, तोंडाला रुमाल बांधून नवापूर स्टेशनवर पाणी पाजायला जायचे. तिसऱ्या दिवशी तुझ्या दुधाच्या पावडरीचा डबा उचलून नेला आणि गाडीतल्या एका बाईच्या लेकराला देऊन आले. घरात तेवढाच होता, दुकानं बंद. रात्रभर तुला साखरपाणी बोटानं चाटवलं मी, आणि दाराला आतून कडी घातली. ते विहिरीवर अंघोळ करून ओट्यावर झोपले, तीन रात्री. त्या डब्याची साक्ष मंडळीत अजून देतात. ऐकताना माझाही ऊर भरून येतो, खोटं कशाला बोलू? पण त्या साक्षीत साखरपाणी कुठंच नसतं.

परवा म्हणालास, ‘आई, उत्तम मेंढपाळ मेंढरांसाठी आपला प्राण देतो.’ योहानाचा दहावा अध्याय मलाही पाठ आहे रे. ‘आपला’ प्राण, असं आहे तिथं. सुनबाईच्या शिलाईचे पैसे तिला न विचारता कुणाच्या दवाखान्यात भरलेस, तर तो त्याग तिचा झाला, आणि नाव झालं तुझं. त्याच योहानाचा एकोणिसावा काढ. वधस्तंभावर हातापायांत खिळे असताना त्यानं आईकडे पाहिलं, तिला शिष्याच्या हवाली केलं. आणि मोशे? सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करत बसायचा. सासरा, इथ्रो, म्हणाला, अशानं तूही थकशील आणि हे लोकही, हाताखाली माणसं नेम. एवढं सगळे सांगतात. पण इथ्रो आला तो मोशेच्या बायकोला, सिप्पोरेला, आणि दोन्ही पोरांना बरोबर घेऊन आला, ते कुणी सांगत नाही. तुझ्या मंडळीत चार वडीलधारे पुढारी आहेत ना? रात्री त्यांतला एकही जाऊ शकत नाही? निदान मागच्या सीटवर तरी बसू दे कुणाला.

बघ, लागले उपदेशाला. माफ कर. नाना असते तर म्हणाले असते, ‘पाळकीणबाई, या रविवारी तुम्हीच उभ्या राहा.’

केडगावला मुक्ती मिशन बघायला गेलो होतो, आठवतं? दुष्काळातल्या शेकडो मुली पंडिता रमाबाईंनी सांभाळल्या, मरेपर्यंत बायबलचं भाषांतर करत बसल्या. बाकीच्या बाया त्यावरच बोलत होत्या. मी मात्र त्यांच्या लेकीत, मनोरमेत अडकले. लेक गेली 1921 त आणि आई 1922 त, मधे वर्षसुद्धा नाही. ते महिने त्या आईनं कसे काढले असतील? हे वाक्य खोडणार होते. असू दे.

पवित्र गुरुवारी तू त्या पावरा आजोबांचे पाय धुतलेस. टाचांच्या भेगांत काळी माती बसलेली, ती तू अंगठ्यानं हळूहळू काढत होतास, घाई नाही की तोंड वाकडं नाही. मी मागच्या सतरंजीवर होते. शेजारच्या बाईला म्हटलं, ‘माझा आहे तो.’ फुशारकीच ती, प्रभू क्षमा करो. त्या दिवशी टेकलास तोच गुडघा ना? डावा?

टाके काढल्यावर लगेच किक मारू नकोस. हेडलाइटचे पैसे सुनबाईकडे पाठवलेत. तुझ्याकडे दिले तर त्यांचं काय होईल, ते मला ठाऊक आहे.

एसटीनं बिबड्यांचे दोन डबे येतील. निळ्या झाकणाचा मंडळीत वाट. स्टीलचा घरात ठेवायचा, त्यावर चिमीचं नाव घातलंय.

तुझी,
आई