मोटरीतली काळी रेती

रत्नागिरी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

काल फोन ठेवला, पण मन तिथेच अडकून राहिलं. वर्षभर पैसे साठवून घेतलेला ड्रोन, आणि महिन्याच्या आत कॅमेऱ्याने मान टाकली. वर दुकानदार सांगतो, अख्खा गिंबल, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारी मोटरींची यंत्रणा, बदला. फोनवर घाईत नीट बोलता आलं नाही, म्हणून सगळं लिहून पाठवतोय. आगाऊ रक्कम भरू नकोस. आधी स्वतःच्या बोटांनी बघ.

माझ्यावर हीच वेळ मार्चात आली होती. काळबादेवीच्या किनाऱ्यावर मी ड्रोन थेट वाळूवर ठेवून उडवला. दुसऱ्या दिवशी घरी चालू केला, तर एरवी वर-खाली मान हलवून सरळ होणारा कॅमेरा मधेच थरथरायला लागला आणि पडद्यावर ‘गिंबल मोटर ओव्हरलोड’ असं आलं. कॅमेऱ्यावरचं पारदर्शक झाकण तसंच राहिलं तरी हाच संदेश येतो, म्हणून ते आधी तपासलं. झाकण काढलेलं होतं. मग सपाट टेबलावर ठेवून कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्याची सरळ स्थिती ड्रोनकडूनच पुन्हा जुळवून घेणं, करत बसलो. दर वेळी ते अर्ध्यावर थांबायचं. त्यात माझा आठवडा गेला. मोटर अडकलेली असेल तर कॅलिब्रेशन पुरं होणारच कसं? हे तेव्हा सुचलं नाही.

शेवटी बॅटरी काढली आणि कॅमेरा बोटाने हळूच फिरवून पाहिला. गिंबलला तीन मोटरी असतात. वर-खाली झुकणारी आणि डावी-उजवीकडे वळणारी, या दोन्ही अगदी सहज फिरल्या. क्षितिज सरळ धरणारी तिसरी, रोलची मोटर, एका ठिकाणी बारीक करकरली. भिंग लावलं तर मोटरीच्या फटीत काळे कण दिसले. इकडच्या काळ्या रेतीत मॅग्नेटाइट, इल्मेनाइट अशी लोहाची खनिजं असतात आणि मोटरीत चुंबक. कण तिथे घट्ट चिकटून बसले होते. फुंकर मारली की हलायचे आणि आणखी आत जायचे. मग टूथपिकच्या टोकाला चिकटपट्टी उलटी गुंडाळली आणि एकेक कण टिपून काढला. पाऊण तास लागला. करकर थांबली, कॅलिब्रेशन एका दमात पुरं झालं आणि समुद्राची रेघ पुन्हा आडवी सरळ दिसली. तो आनंद काय सांगू तुला!

तुझं दुखणं मला वेगळं वाटतं. तू म्हणालास, चित्र स्वच्छ येतं, पण कॅमेरा लोंबकळत राहतो, चालू केल्यावरही त्यात जोर येत नाही. ड्रोन झाडाला घासून पडल्याचंही तू ओघात बोललास. माझा संशय फ्लॅट केबलवर आहे. मोटरींना वीज पोचवणारी कागदासारखी पातळ पट्टी असते ती, मोटरींच्या बाहूंभोवती वळसे घेत जाते आणि नेमकी वळणावर चिरते. अनेक ड्रोनमध्ये चित्र वेगळ्या बारीक तारांमधून येतं, म्हणून मोटरी मेल्या तरी चित्र दिसत राहतं. बॅटरी काढून मोबाइलच्या टॉर्चने त्या वळणांवर बघ. तांबूस चीर किंवा पांढरी मोड दिसली तर चोर सापडला. ही केबल अनेक मॉडेलांसाठी सुटी मिळते, कॅमेरा बदलावा लागत नाही. पण बसवायला स्वतः बसू नकोस. कनेक्टर नखाएवढेही नसतात. मायक्रोस्कोपखाली मोबाइलचे बोर्ड दुरुस्त करणारा शांत हाताचा माणूस गाठ.

कॅमेऱ्याला तोलून धरणारी रबरी बोंडंही मोजून बघ. पडल्यावर एखादं खाचेतून निसटतं आणि चित्र तिरकं, जेलीसारखं थरथरणारं येतं. बोटाने दाबून परत बसतं. पाती टवकलेली असतील तर तीही बदल, त्यांचा कंप थेट कॅमेऱ्यात उतरतो.

आणि तोवर पुन्हा पुन्हा चालू करून बघू नकोस. अडकलेली मोटर जोर लावत राहते आणि तापून जळू शकते.

आज संध्याकाळी तिन्ही बाजूंनी फिरवून कुठे अडतं ते कळव, जमल्यास वळणांचे जवळून फोटो पाठव. शनिवारी सकाळच्या गाडीने मी येतोच आहे, भिंग आणि बारीक स्क्रू ड्रायव्हर घेऊन. तोवर झाकण लावून ठेव.

तुझाच मित्र