पाकीट फोडा, पण आकडे मलाच सांगा

बुटीबोरी,
रविवार, 23 नोव्हेंबर 2025

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "तुह्या नावाचं इंग्रजी पाकीट आलं, विठोबाच्या फोटोमागं खोसून ठेवलं. बँकेची नोटीस तं नाही ना रे?" आणि लागलीच दुसरा प्रश्न, "गावात म्हनून रायले का तू यूट्यूबवर लाखानं कमावतं. खरं हाय का?" मी तेव्हा कंपनीच्या गेटवर होतो, मागून बसचा हॉर्न. हो-नाही काहीतरी पुटपुटलो. एरवीही फोनवर आपलं बोलणं होतच कुठे? तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि आई "जेवला का"च्या पुढे जात नाही. म्हणून आज सुट्टीच्या दिवशी लिहायला बसलो. आईला मोठ्याने वाचून दाखवा. माझ्या खर्र्याचं, त्या तंबाखू-सुपारीच्या पुडीचं, जिथे येईल तेही गाळू नका.

आधी पाकिटाचं. ती नोटीस नाही. व्हिडिओवरच्या जाहिरातींचे दहा डॉलर जमा झाले की, माणसाचा पत्ता खरा आहे का हे बघायला गूगलवाले साध्या टपालाने सहा आकडी नंबर पाठवतात. पत्ता मी गावचाच दिला होता, म्हणून ते तुमच्याकडे आलं. दहा डॉलर म्हणजे आजच्या भावाने आठ-नऊशे रुपये. तेही अजून हातात नाहीत, कारण शंभर डॉलर झाल्याशिवाय ते बँकेत काही टाकत नाहीत. दोन वर्षं तुमच्या मोटर-स्टार्टर दुरुस्तीचे 58 व्हिडिओ करून तुमच्या पोराने निंदणाऱ्या बाईची तीन दिवसांची मजुरी कमावली. गावाला लाखाचं काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

तुम्ही मागे विचारलं होतं, पैसे कोण देतं आणि काऊन देतं. आपल्या रस्त्याकडच्या भिंतीवर बियाण्याच्या कंपनीने जाहिरात रंगवली होती, आठवते? तुम्हाला पैसा मिळाला नाही, पण भिंत फुकटात रंगवून मिळाली म्हणून तुम्ही खूश होता. व्हिडिओ म्हणजे तशीच भिंत. फरक एवढाच की इथे जाहिरातीच्या शंभर रुपयांतले 55 आपल्याला आणि 45 त्यांना. मात्र भिंतीसमोरून माणसं जायला पाहिजेत. एक हजार सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत चार हजार तास लोकांनी पाहिलं, तरच ते दार उघडतात. तुमचा तो स्टार्टरवर चिडलेला छोटा व्हिडिओ दोन लाख लोकांनी पाहिला ना, त्याचा एक मिनिटही त्या चार हजारांत धरला नाही. शॉर्ट्सचा हिशेब वेगळा असतो. मला माहीत नव्हतं. मी तीन दिवस हवेत होतो.

आता दोन गोष्टी कबूल करायच्या आहेत.

पहिली. 2023च्या दिवाळीला मी सांगितलं होतं की यंदा बोनस झाला नाही. झाला होता. तुमच्या चष्म्यासाठी ठेवलेले साडेसात हजार मी एका ऑनलाइन कोर्सवाल्याला दिले. तीस दिवसांत घरबसल्या कमाई, असं त्याचं म्हणणं. निघाली बारा रेकॉर्डिंगं, आणि प्रत्येकात पुढच्या महागड्या कोर्सची जाहिरात. तुम्ही ती दिवाळी जुन्याच चष्म्याला दोरा बांधून काढली. हे लिहिताना हात थांबला होता.

दुसरी गोष्ट खर्र्याची. आई, तुला वाटत असेल की लग्नात तुझ्यासमोर पुडी फेकली तेव्हाच सुटला. नाही सुटला. व्हिडिओचं काम सुरू झालं आणि दिवसाच्या तीन पुड्या झाल्या. ड्युटीवरून आलो की एडिटिंग, रात्रीचे दोन वाजायचे. झोप आली की खर्रा. मधेमधे मोबाइल काढून किती लोकांनी पाहिलं ते बघायचं, आकडा हलला नसला तरी बघायचं. बी.ए.ची पुस्तकं पलंगाखाली. मे महिन्यात मुक्त विद्यापीठाच्या परीक्षेला दोन पेपर राहिले होते. एकाला बसलो तर समोरचा प्रश्न दोनदा वाचावा लागत होता, आणि दुसऱ्या दिवशी जाग आली तेव्हा पेपर सुरू होऊन तास झाला होता. तुम्हाला "अवघड गेला" सांगितलं. सुपरवायझरच्या जागेला पदवी लागते, त्यासाठीच तर हे सगळं मांडलं होतं, आणि वरकमाईच्या मागे तेच सुटून चाललं होतं.

सप्टेंबरच्या 10 तारखेला रात्रपाळीत एक कन्व्हेयर बंद पडला. पॅनल उघडायच्या आधी मेन पाडायचा, त्याला आपलं कुलूप लावायचं, टॅग लावायचा, मग हात घालायचा, हा नियम मी नवीन पोरांना शिकवतो. त्या रात्री मी झाकण काढलं आणि सरळ स्क्रू ड्रायव्हर आत नेला. हेल्परने मागून कॉलर धरून ओढलं. "दादा, लाईन चालू हाय!" आई, घाबरू नको, काही झालं नाही. पण मी पायरीवर बसलो तो पंधरा मिनिटं उठलो नाही. तोंडात खर्रा तसाच होता.

आणि तिथे बसून मला बाबा दिसले. मी सातवी-आठवीत असेन. नाल्याकडच्या वावरात कोणाचा तरी स्टार्टर सारखा पडत होता, तुम्ही मला पिशवी धरायला नेलं होतं. झाकण काढलं तर आत रिलेच्या तोंडात आगपेटीची काडी खोचलेली. आई, तुझ्यासाठी सांगतो. तीन फेजमधला एक गेला तरी मोटर घूं-घूं करत राहते, उरलेल्या दोन तारांतून जास्त करंट ओढते आणि तापते. रिले तिला जळायच्या आधी पाडते. मालकाला वाटतं स्टार्टरच बिघडला, म्हणून तो काडी लावतो. बाबांनी ती काडी दोन बोटांत धरून त्या माणसासमोर नाचवली आणि म्हणाले, "हे काडी नोय रे बावा, हे माह्या घरचं रिवाइंडिंगचं बिल होय." मग त्याच्याकडून पैसे न घेता फ्यूज बांधून दिला.

माझी काडी खर्रा होती. रात्री अकराला अंग पाडून देत होतं, मी पाडू देत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे 11 सप्टेंबरला, खोलीतल्या कॅलेंडरवर आईची पद्धत सुरू केली. आपल्याकडे दुधाचं कॅलेंडर असायचं ना, रोजच्या चौकटीत अर्धा-एक लिहिलेलं आणि जिथे दूध आलं नाही तिथे "ना". एक नागा झाला म्हणून तू कधी दूध बंद केलं नाहीस, महिन्याच्या शेवटी तेवढे पैसे कापले की झालं. पण लागोपाठ दोन नागे पडले की तू पदर खोचून गवळ्याच्या दारात. मीही तेच धरलं. पूर्वी एक दिवस मोडला की महिनाभर सगळंच सोडून द्यायचो. पुढच्या एक तारखेपासून, पाडव्यापासून, असं चालायचं. आता चौकटीत तीन अक्षरं लिहितो. अ म्हणजे पहाटे पाच ते पावणेसहा अभ्यास, रात्रपाळी असली तर उठल्यावर. ख म्हणजे खर्रा नाही. व्ह फक्त मंगळवार आणि शुक्रवारी, तासभर, दहा वाजले की लॅपटॉप बंद, व्हिडिओ अर्धा राहिला तर राहिला. किती लोकांनी पाहिलं ते रविवारी एकदाच. कॅलेंडरवर पैशाचा आकडा लिहीत नाही, कारण तो माझ्या हातात नाही. आज ख चा 74वा दिवस आहे, दोन नागे पडले: एक दसऱ्याला मित्रांत, एक लक्ष्मीपूजनानंतर. अभ्यासाचे नागे अकरा. अकरा जास्तच आहेत, पण लागोपाठ एकदाच पडले, तापात.

गंमत अशी की कधी आठवड्याला दोन आणि कधी महिनाभर एकही नाही, त्याऐवजी व्हिडिओ महिन्याला दोन झाले आणि फारसं काही बिघडलं नाही. आपल्या व्हिडिओला सीझन आहे हे मला उशिरा कळलं. श्रावणात कोणी मोटरीकडे बघत नाही. हरभऱ्याला पाणी सुरू झालं, रात्रीच्या लाईनवर माणसं वावरात जागायला लागली, की "नो व्होल्ट कॉइल घूं-घूं करते" हा स्टार्टरमधल्या कॉइलवरचा दीड वर्षापूर्वीचा व्हिडिओ लोक शोधून पाहतात. रात्री एक-दोन वाजता पाहतात, बॅटरीच्या उजेडात, स्टार्टरसमोर उभं राहून. खाली लिहितात, काकांचे हात दाखवत राहा. आवाज माझा ऐकू येतो, पण लोक तुमच्या हाताला बघतात बाबा. वार्निश लागलेलं ते नख सगळ्यांना पाठ झालंय.

तर आता कामाचं. पाकीट कडेच्या टोच्यांवरून अलगद फाडा, मधोमध नको. आत सहा आकडे असतील. मी रात्री आठला फोन करतो, तेव्हा एकेक करून सावकाश वाचा. दुसरा कोणी फोन करून, गूगलमधून बोलतो, बँकेतून बोलतो असं म्हणाला आणि आकडे मागितले, तर तुमच्या त्या काडीवाल्या आवाजात बोला.

शंभर डॉलर कधी होतील माहीत नाही, उन्हाळ्यापर्यंत कदाचित. त्याची वाट पाहू नका. चष्म्याचे पैसे मी सात तारखेच्या पगारातून पाठवतो, यवतमाळला जाऊन नंबर नव्याने तपासून घ्या. दोरा काढून टाका.

पुढच्या रविवारी येतो. जळालेली एखादी तीन एचपीची मोटर कोणाची आली तर उघडू नका, तशीच ठेवा, वाइंडिंग काढण्यापासून व्हिडिओत घ्यायचं आहे. पुस्तकंही आणतो, दुपारी तुम्ही झोपाल तेव्हा माझा अ होऊन जाईल.

आई, दुधाची जुनी कॅलेंडरं चुलीत घालू नको.

तुमचा,
मोठा

ता. क. सरकारी कापूस खरेदीच्या, म्हणजे सीसीआयच्या ॲपवर आपली कापसाची नोंदणी मी करून ठेवली आहे. पण वेचलेला कापूस दोन उन्हं दाखवल्याशिवाय नेऊ नका. ओलावा 12 टक्क्यांच्या वर निघाला की घेत नाहीत, आणि गाडीभाडं अंगावर पडतं.