ट्रायल रूमच्या लाइनीतल्या काकूंना

प्रिय काकू,

काकू म्हटलेलं चालेल ना? नाव विचारायचं राहूनच गेलं, आणि तुम्ही मला पहिल्या वाक्यापासून "अगं" म्हणालात त्यामुळे आता मॅडम वगैरे लिहायला हात होत नाहीये. लेडीज ट्रायल रूमच्या लाइनीत तुमच्या पुढे मोरपंखी कुर्ता घेऊन जी उंच मुलगी उभी होती ना, ती मी. तुम्ही बिल केलंत आणि निघूनही गेलात, मला नीट थँक्यू म्हणताच आलं नाही, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय, फिरत फिरत कधीतरी तुमच्यापर्यंत पोचेल.

तुम्ही जे बघितलं ते तसं बरंच उशिराचं होतं. सुरुवात दारातच झालेली. गार्डने हात आडवा घातला आणि म्हणाला, पुढे जा, इथे काही मिळणार नाही. म्हणजे ट्रान्स बाई दारात आली की ती पैसेच मागायला आली असणार हे त्याचं ठरलेलं. कुर्ता घ्यायचाय म्हटल्यावर सोडलं, पण पर्स उघडून बघितली, माझ्या पुढच्या दोघी तशाच आत गेल्या. आत सेल्सवाली एक मुलगी सतत मागे, मी हँगर सरकवला की ती लगेच तो जागच्या जागी करणार. गिऱ्हाईकाला मदत करायची असेल तर साइज विचारतात, हिने एकदाही विचारली नाही. हे सगळं मला नवीन नाहीये हो, आम्ही मैत्रिणी तर खरेदीला जायचं तर दोघी तिघी मिळून जातो आणि दुपारची रिकामी वेळ बघून जातो, त्या दिवशी कोणी मोकळं नव्हतं इतकंच.

लोक म्हणतात एवढा ताप आहे तर ऑनलाइन मागव ना. मागवते की, पण लेडीज कुर्ता बेतलेला असतो तो वेगळ्या अंगाच्या हिशोबाने, छातीला बसेल तो घेतला तर खांद्याची शिलाई अर्ध्यातच राहते आणि हात पुढे केला की पाठीत कापड ताणतं, खांद्याला बसेल तो घेतला तर खाली नुसता तंबू. अंगात घालून बघितल्याशिवाय माझं काहीच ठरत नाही. म्हणजे ट्रायल रूमची गरज दुकानात जर कोणाला सगळ्यात जास्त असेल तर ती आम्हालाच, आणि नेमकं तिथेच अडवतात.

तर ती सेल्सवाली मुलगी म्हणाली, "सर, तुमची ट्रायल तिकडे, जेन्ट्सला." मी म्हटलं मी लेडीज कपडे घेतेय, मी बाई आहे, इथेच बघते. मग मॅनेजरला बोलावलं, तो म्हणाला आयडी दाखवा. लाइनीत एवढ्या बायका उभ्या, एकीला तरी आयडी मागितला का? माझ्याकडे जिल्हाधिकारी ऑफिसने दिलेलं ट्रान्सजेंडर ओळखपत्र आहे, पर्समध्येच होतं, पण मी नाही काढलं. कुर्ता घालून बघायला सरकारी कागद कशाला लागतो? जेन्ट्सच्या ट्रायल रूममध्ये माझ्यासारखीने लेडीज कुर्ता घेऊन शिरलं तर काय काय ऐकावं लागतं, आणि नुसतं ऐकण्यावर भागलं तर नशीब, ते त्याला सांगत बसायचीही इच्छा नव्हती. कुर्ता तिथेच ठेवायचा आणि घरी जायचं एवढंच डोक्यात चाललेलं.

आणि मागून तुम्ही हळूच विचारलंत, "अगं, मी बोलले तर चालेल का तुला? की नको?"

काकू, पत्र खरं तर या वाक्यासाठी आहे. आपल्याकडे मदत करणारे नसतात असं नाही, पण ते विचारत नाहीत. मागे एकदा एकाने माझी बाजू घ्यायची म्हणून मोबाइल काढून शूटिंगच सुरू केलं, मोठमोठ्याने भाषण, आणि त्या व्हिडिओत सगळ्यात स्पष्ट चेहरा कोणाचा तर माझा. माझ्या घरमालकाला माझ्याबद्दल काही माहीत नाही, तो व्हिडिओ त्याच्या फोनवर गेला असता तर मी सामान घेऊन रस्त्यावर. त्या माणसाचं मन चांगलंच होतं, पण राहायचं कुठे हा प्रश्न मन सोडवत नाही. (गावाचं आणि दुकानाचं नाव इथे लिहीत नाहीये ते यासाठीच, कमेंटमध्ये विचारू नका कोणी.) तुम्ही विचारलंत, मी मान हलवली, आणि मगच तुम्ही चष्मा डोक्यावर सरकवून पुढे आलात.

मॅनेजर म्हणाला, बाकीच्या लेडीज ऑब्जेक्शन घेतात. तुम्ही म्हणालात, "कोण घेतंय? मी लेडीजच आहे, मी घेत नाहीये. हिला विचारा." मागची कॉलेजची मुलगी कानातले इयरफोन काढून म्हणाली, मला काय प्रॉब्लेम, लाइन पुढे सरकवा ना फक्त. संपला विषय! तुमचा आवाज चढला नाही की डोळ्यांत पाणी आलं नाही, बिल चुकीचं लागलं असतं तर जसं बोलला असतात अगदी तसं बोललात. आणि तो चक्क बाजूला झाला. मी तेच सांगत होते तेव्हा तो ऐकत नव्हता याचा राग मला अजून आहे, तो तुमच्यावर नाही, पण आहे.

घरी येऊन मी सगळं परत वाचून काढलं. संविधानाच्या कलम १५ मध्ये सार्वजनिक विहिरी, हॉटेलं यांच्याबरोबर दुकानांचाही उल्लेख आहे, लिंगावरून तिथे कोणाला अडवता येत नाही. २०१४ ला सुप्रीम कोर्टाने नालसाच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या) केसमध्ये सांगितलं की त्या लिंगात आमची लिंग ओळखही येते आणि आपण कोण हे आपण स्वतः सांगायचं असतं. २०१९ च्या ट्रान्सजेंडर कायद्याचं कलम ३ तर सरळ म्हणतं की लोकांसाठी असलेल्या वस्तू आणि सेवा आम्हाला नाकारायच्या नाहीत. हे मला त्या दिवशीही माहीत होतं बरं का. पण चारजण बघत असताना तोंडातून कलम नंबर निघत नाही, घसा कोरडा पडतो, आणि समोरच्याला कायदा ऐकायचाच नसतो, त्याला फक्त ही कटकट लवकर जायला हवी असते. तेव्हा लाइनीतलं कोणीतरी बोललं की हिशोब फिरतो, कारण आता त्याला एका गिऱ्हाइकाऐवजी दोघी तिघी नाराज करायच्या असतात.

आणि एवढं रामायण होऊन तो मोरपंखी कुर्ता बसलाच नाही! मी दार किलकिलं करून तुम्हाला दाखवला तर तुम्ही तोंडावर म्हणालात, "रंग नाही शोभत गं तुला, आणि दंडाला आवळतोय." मला इतकं हसू आलं. एरवी दोनच प्रकारची माणसं भेटतात, एक तोंड फिरवणारी आणि दुसरी काहीही घातलं तरी 'वॉव, किती ब्रेव्ह' म्हणणारी, कुर्ता वाईट दिसतोय हे कोणी सांगतच नाही. मग तुम्ही स्वतःचे गाऊन माझ्या हातात कोंबून मरून रंगाचा शोधून आणलात, बाही उलटी करून शिलाई दाखवलीत की आत बोटभर कापड सोडलंय, टेलरकडून उसवून घे. घेतली उसवून. आता हात वर केला तरी ताणत नाही, ऑफिसच्या कार्यक्रमाला तोच घातला.

आता एक काम आहे, म्हणून हे लांबवलं. मी त्या दुकानाच्या हेड ऑफिसला लेखी तक्रार केलीय, ट्रायल रूम वापरण्याचा तुमचा नियम काय तो लेखी द्या आणि स्टाफला तो शिकवा एवढीच मागणी. उत्तर आलं की गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, आमच्या स्टाफच्या म्हणण्यानुसार असं काही घडलेलं नाही. घडलेलं नाही म्हणे! तर काकू, तुम्ही हे वाचलंत तर मला मेसेज कराल का? तुम्ही जे बघितलं ते दोन ओळीत लिहून दिलंत तरी मला ते तक्रारीला जोडता येईल. नाव द्यायचं नसेल तर नका देऊ, आणि या भानगडीत पडायचंच नसेल तर तसं सांगा, मला अजिबात वाईट वाटणार नाही. तुम्हीही मला विचारलं होतंत ना आधी, म्हणून मीही विचारतेय.

तुमची,
मरून कुर्त्यावाली