बाबा, ते दोन लाख पोस्टातच राहू द्या

मुंबई,
१२ जानेवारी २०२५

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, गुरुवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "मनू, तू ते बिटकॉइन घेतेस ना? मग मीही दोन लाख टाकू का?" मी गाडीत होते. घरी जाऊन बोलते म्हणाले आणि तीन दिवस फोनच केला नाही. फोनवर सांगायला बसले असते तर निम्मं तरी लपवलं असतं. कागदावर तेवढं लपवता येत नाही, म्हणून आज रविवारी सकाळीच लिहायला घेतलंय.

उत्तर आधी देते. नका टाकू. डिसेंबरात मासिक उत्पन्न योजनेची मुदत संपून आलेले ते दोन लाख तुमच्या औषधांचे आणि आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचे आहेत. ज्येष्ठ नागरिक योजनेत आज ८.२ टक्के मिळतात. ते तिथेच जाऊ देत.

आणि खालच्या आळीतल्या भाऊंनी ज्या व्हॉट्सॲप ग्रुपात तुम्हाला घेतलंय, त्यातून आजच्या आज बाहेर पडा. रोज एक टक्का नक्की मिळेल म्हणतात ना? चक्रवाढीचा हिशेब तुम्हीच मला पाटीवर शिकवलात. रोज एक टक्क्याने दोन लाखांचे वर्षभरात पंच्याहत्तर लाख होतात. हे जमणारा माणूस देवरुखातल्या लोकांचे पैसे कशाला मागत फिरेल? पुण्यात गेनबिटकॉइनवाल्यांनी तर महिन्याला दहाच टक्के सांगितले होते, अठरा महिने. हजारो लोक त्यात बुडाले. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी सूत्रधार अमित भारद्वाजला पकडलं, पण लोकांचे पैसे गेले ते गेलेच. अशा ठिकाणी बिटकॉइन हे नुसतं नाव असतं. पहिल्या माणसाला व्याज दुसऱ्याच्या मुदलातून जातं. भाऊ वाईट नाहीत हे मला माहीत आहे. बहुतेक त्यांचेही पैसे अडकलेले असतील.

आता माझं सांगते.

गणपतीत आईने मला विचारलं होतं, "पण ते असतं कुठे?" तेव्हा मी नीट सांगितलं नाही. बाबा, दादरच्या पोस्टात तुमच्या काउंटरवर ते मोठं लेजर होतं, आठवतं? माणसाच्या हातात पासबुक, तुमच्याकडे लेजर, आणि दोन्ही जुळलं की व्यवहार खरा. बिटकॉइन म्हणजे असंच एक लेजर, फक्त त्याची तीच प्रत जगभर हजारो कॉम्प्युटरांवर आहे. साधारण दर दहा मिनिटांनी त्याला नवं पान जोडलं जातं. प्रत्येक पानावर आधीच्या पानाची खूण असते, त्यामुळे मागे जाऊन कुणी खाडाखोड केली तर पुढची सगळी पानं बोंब मारतात. पोस्टमास्तर नाही, हेड ऑफिस नाही. ही कल्पना ३१ ऑक्टोबर २००८ ला सातोशी नाकामोतो या नावाने कुणीतरी मांडली आणि ३ जानेवारी २००९ ला पहिलं पान लिहिलं गेलं. तो कोण, हे आजही कुणाला माहीत नाही. एकूण २ कोटी १० लाखांपेक्षा जास्त बिटकॉइन कधीच निघणार नाहीत, हे त्याने आधीच बांधून ठेवलंय.

अख्खं घ्यावं लागत नाही. एका बिटकॉइनचे दहा कोटी सातोशी होतात. आई, तू कशी पाडव्याला गुंजेगुंजेने सोनं घ्यायचीस, तसं. ऑगस्ट २०२१ मध्ये मी पहिले पाच हजार टाकले तेव्हा दर पस्तीस लाखांच्या आसपास होता. पॅन, आधार, फोनसमोर मान इकडे तिकडे फिरवून फोटो, की झालं खातं. हातात काय आलं? स्क्रीनवर ०.००१४. तो आकडा बघून मला केवढा आनंद झाला होता!

बिटकॉइनमध्ये आजवर मी एकूण बासष्ट हजार घातले, थोडे थोडे, पगार झाला की. त्याचा आज एका बिटकॉइनचा चाळिसावा भाग झालाय. तोळ्याच्या हिशेबाने जेमतेम अडीच गुंजा. डिसेंबरात एका बिटकॉइनचा भाव पहिल्यांदाच एक लाख डॉलरच्या वर गेला, म्हणून सगळीकडे बोलबाला झाला. आजच्या भावाने माझे दोन लाख होतात. हे ऐकून तुम्हाला वाटेल, मग पोरगी शहाणीच निघाली. पुढचं वाचा.

याच्या बरोबरीने मी सत्तर हजार ट्रेडिंगमध्ये, म्हणजे बिटकॉइनसारख्याच दुसऱ्या छोट्या कॉइनांच्या रोजच्या घ्या-विकीत, घातले होते. त्यातले बावीस परत आले. अठ्ठेचाळीस हजार गेले, बाबा. ती गोष्ट मी दोन वर्षं तुमच्यापासून लपवली. त्या दिवाळीला "यंदा बोनस कमी झाला" म्हणाले होते, ते खोटं होतं.

कसे गेले ते सांगते, कारण उद्या दुसरं कुणी तुम्हाला "ट्रेडिंग शिकवतो" म्हणून येईल. दलाल स्ट्रीटचा बाजार साडेतीनला बंद होतो. हा बाजार बंदच होत नाही. रविवारी नाही, दिवाळीला नाही, रात्री तीनला नाही. फोन उशाखाली घेऊन झोपायची मी. छोट्या छोट्या कॉइनांची नावं, आज चाळीस टक्के वर, उद्या साठ टक्के खाली. एक दिवस सकाळच्या फास्ट लोकलमध्ये घाटकोपरला उभी होते. एका हाताने कडी धरलेली, दुसऱ्या हातात फोन, आणि माझा कॉइन डोळ्यांदेखत घसरत होता. कुर्ल्याच्या अलीकडे नेटवर्क गेलं. माझे हात थरथरत होते. शेजारच्या बाईंनी विचारलं, "बरं वाटत नाही का गं, बसतेस का?" त्यांनी उठून मला जागा दिली. बसले, नेटवर्क आलं, विकून टाकलं. दादरला उतरले तेव्हा भाव पुन्हा वर गेला होता. त्या बाईंना काय वाटलं असेल कोण जाणे. घरी कुणीतरी आजारी असेल असंच त्यांना वाटलं असणार.

त्यानंतर मी सर्वांत मोठी चूक केली. फ्युचर्स. बारा हजार ठेवून एक लाख वीस हजारांचा सौदा. दहापट उधारीवर खेळलं की भाव दहा टक्के उलटा गेला तरी तुमची सगळी ठेव संपते, मग तो नंतर वर जाऊन काही उपयोग नाही. माझे बारा हजार चाळीस मिनिटांत संपले. मी ताटावर बसले होते, पोळी तशीच राहिली.

आणि टॅक्स. हे कुणी ग्रुपवर सांगत नाही. २०२२ च्या अर्थसंकल्पापासून यातल्या नफ्यावर सरळ ३० टक्के कर आहे, वर ४ टक्के सेस. आणि एकातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही, पुढच्या वर्षी नेताही येत नाही. पहिल्याच वर्षी मला एका कॉइनमध्ये अठरा हजार मिळाले आणि दुसऱ्यात सव्वीस हजार गेले. म्हणजे एकूण आठ हजारांचा तोटा. तरी अठरा हजारांवर ५,६१६ रुपये कर भरला. सीए काकांनी दोनदा समजावलं तेव्हा पटलं. शिवाय १ जुलै २०२२ पासून विकताना दर वेळी एक टक्का टीडीएस कापतात. तो रिटर्न भरताना हिशेबात धरतात, पण तोवर पैसा अडकतो. तोच पैसा पन्नास वेळा फिरवला तर रुपयाचे साठ पैसे हातात उरतात, नफा-तोटा सोडून. रोज घ्या-विका करणाऱ्याचं यात काही खरं नाही.

सरकारचं म्हणाल तर बंदी नाही, आणि रुपयासारखं चलन म्हणून मान्यताही नाही. २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना यापासून लांब राहायला सांगितलं होतं, ते परिपत्रक ४ मार्च २०२० ला सुप्रीम कोर्टाने रद्द केलं. कर घेतात म्हणजे सरकारने हमी दिली असं मात्र मुळीच नाही. बँक बुडाली तर ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, इथे तोही नाही.

हे मला एका ॲपने शिकवलं. एका सकाळी उघडलं तर "पैसे काढणं तात्पुरतं बंद". अकरा दिवस तसंच. बाबा, मला तुमच्या सहकारी बँकेच्या शटरसमोरची ती रांग आठवली. तुम्ही छत्री घेऊन उभे होतात आणि पुढच्या आजी रडत होत्या. मी तर रांगेतही उभी राहू शकत नव्हते, शटरच नव्हतं. माझे पैसे सुटले, पण बहामातलं एफटीएक्स नावाचं असंच एक खरेदी-विक्रीचं ॲप, ज्यात जगभरच्या लोकांचे पैसे होते, ते नोव्हेंबर २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेलं. त्याआधी २०१४ मध्ये टोकियोचं माउंट गॉक्सही असंच बुडालं. म्हणून मी बिटकॉइन ॲपवरून काढून स्वतःकडे घेतलं. पेन ड्राइव्हएवढं एक मशीन असतं, हार्डवेअर वॉलेट म्हणतात. ते सुरू करताना इंग्रजीतले चोवीस साधे शब्द दाखवतं, रोजच्या वापरातले. तेच शब्द म्हणजे तिजोरीची किल्ली. मशीन हरवलं, फुटलं तरी ते शब्द त्याच क्रमाने नव्या मशीनमध्ये घातले की सगळं परत येतं. आणि शब्द हरवले तर मशीन बिघडल्यावर जगातलं कुणीही काही करू शकत नाही.

बाबा, पत्र लिहायचं खरं कारण हे आहे. तुम्ही कितीदा सांगितलंय की नॉमिनीचा रकाना कोरा असला की तुम्ही फॉर्म परत द्यायचात. लोक चिडायचे आणि तरी तुम्ही परत द्यायचात. एका मावशींना तुम्ही तीनदा परत पाठवलंत. पुढच्या वर्षी त्यांच्याच मुलाने येऊन तुमचे पाय धरले, ते मी आमच्या शाळेच्या सुट्टीत काउंटरमागे बसून पाहिलंय. माझ्या त्या मशीनला नॉमिनीचा रकानाच नाही. मला उद्या काही झालं तर ते दोन लाख लेजरात तसेच दिसत राहतील आणि तुमच्यापैकी कुणाचाही हात तिथवर पोचणार नाही. मी इतकी वर्षं तुमची मुलगी असून हे तसंच ठेवलं होतं. परवा तुमचा फोन आल्यावर ते जाणवलं आणि रात्रभर झोप लागली नाही.

तर मी असं केलंय. चोवीस शब्द शाईच्या पेनने दोन कागदांवर लिहिलेत. एक माझ्या बँकेच्या लॉकरमध्ये आहे, त्यावर नॉमिनी तुम्ही. दुसरा लिफाफ्यात, लाखेने बंद. तो पोस्टाने पाठवत नाही, स्वतः घेऊन येते. आपल्या निखिलला मशीन कसं चालवायचं ते शिकवलंय, पण शब्द दिलेले नाहीत. शब्द तुमच्याकडे, रीत त्याच्याकडे. दोघं एकत्र बसलात तरच उघडेल. त्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढायचा नाही, व्हॉट्सॲपवर पाठवायचा नाही. मी आहे असं सांगून कुणी माझ्या आवाजात फोन केला तरी शब्द वाचून दाखवायचे नाहीत. मी फोनवर ते कधीच मागणार नाही. ग्रुपातल्या कुणाला आधीच काही पैसे दिले असतील तर मला न घाबरता सांगा, आणि लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा. जितका लवकर फोन जाईल तितके पैसे वाटेत अडवता येण्याची आशा जास्त. मी रागावणार नाही. माझे अठ्ठेचाळीस हजार वर लिहिलेच आहेत.

आई, फडताळातल्या वरच्या खणात तुझा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आहे ना, ज्यात तू आमच्या जन्माचे दाखले ठेवतेस? त्यात जागा करून ठेव. लिफाफा लांबट आहे, दुमडायचा नाही.

मी २४ तारखेला शुक्रवारी रात्री निघते, दादरहून बारानंतरची तुतारी. सकाळी घरी पोचेन. शनिवारी बाबांबरोबर पोस्टात येते. ज्येष्ठ नागरिक योजनेचा फॉर्म आपण दोघं मिळून भरू, नॉमिनीचा रकाना तुमच्या हस्ताक्षरात. संध्याकाळी भाऊंकडेही जाऊन येऊ. त्यांच्याशी मला शांतपणे बोलायचंय, आई, तू बरोबर ये, तुझं ते ऐकतात.

गुडघ्याला तेल लावतेस ना? तिळगूळ येताना घेऊन येते, संक्रांत उलटून गेली तरी चालेल.

तुमची,
मनू