भरल्या यॉटचा हिशेब करायला लावल्याबद्दल आभार

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

शर्यतीत उतरेल आणि एरवी मुंबईहून गोव्याला झपाट्याने नेईल, अशा ४० फुटी यॉटचा आमचा आराखडा तुम्ही ओळ न् ओळ तपासलात. आभार जाहीर मानतोय, कारण याच चुका इतरही करत असणार.

आमचे सगळे आकडे रिकाम्या यॉटचे होते. वजन ६.५ टन, शिडं ८५ चौरस मीटर, शीड-वजन गुणोत्तर (वजनाच्या मानाने शिडं किती, जास्त म्हणजे चपळ) २४.८. "पाणी, डिझेल, नांगर, भांडीकुंडी धरून किती?" हा तुमचा पहिलाच प्रश्न. दीड टन वाढलं आणि गुणोत्तर २१.६ वर आलं. जलरेषेपाशी क्षेत्रफळ २४ चौरस मीटर, म्हणजे २४६ किलोंना यॉट एक सेंटिमीटर बसते; दीड टनाला सहा. रुंद, सपाट स्टर्न (यॉटचा मागचा भाग) तेवढ्याने पाण्यात बुडते, मागे पाणी ओढत राहते आणि हलक्या वाऱ्यात यॉट हलता हलत नाही. म्हणून जलरेषा अर्ध्या भारावर धरून मागचा तळ थोडा उचलला. जोराच्या वाऱ्यात, लाटेवरून घसरताना थोडा वेग जाईल. जाऊ दे.

नांगराच्या साखळीचं तर आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. १० मिलिमीटरची ६० मीटर साखळी म्हणजे साधारण १३५ किलो, आणि ती आम्ही थेट नाळेत, म्हणजे पुढच्या टोकाशी, ठेवली होती, मध्यापासून ५.५ मीटरवर. नाळ लाटेवर वरखाली होताना वजनाचा त्रास अंतराच्या वर्गाने वाढतो. साखळीची पेटी डोलकाठीच्या पायथ्याशी, दीड मीटरवर आणली की ३०.२५ च्या जागी २.२५, तेरापटीहून जास्त फरक. मात्र साखळीच्या नळीला चांगला उतार हवा, नाहीतर ती मध्येच अडकून ढीग होतो, हेही तुम्हीच बजावलंत. पाण्याच्या टाक्याही त्याच न्यायाने कीलच्या (तळाखालच्या वजनदार पात्याच्या) आसपास, बैठकीखाली आल्या.

डोलकाठीच्या आत गुंडाळणारं मेनसेल (मुख्य शीड) तुम्ही काढायला लावलंत. गुंडाळलं तरी कापडाचं वजन वरच राहतं आणि उलटलेल्या नौकेला सरळ होणं अवघड जातं, शिवाय शिडाची मागची कड आत वळवून कापावी लागल्याने क्षेत्रफळ घटतं. १९७९ च्या फास्टनेट या ब्रिटनमधल्या यॉट शर्यतीत १५ स्पर्धक दगावले, त्यानंतर उलटलेली नौका स्वतःहून सरळ होते का, याकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. नौका किती कलली तरी सरळ होते ते दाखवणारा आमचा स्थिरतेचा आलेख रिकाम्या नौकेचाच होता; आता भरलेल्या नौकेचा, वर रडार धरून, वेगळा काढलाय.

कील तळाला जखडणारे बोल्टही राहिले होते. सांध्यात पाणी शिरतं पण प्राणवायू मिळत नाही, तिथे स्टेनलेस स्टील आतून खात जातं. वरून नट चकचकीतच दिसतो. आता प्रत्येक बोल्ट काढून बघता येईल एवढी जागा वर मोकळी सोडलीय, त्यापायी एक कपाट गेलं.

पाण्यात उतरवल्यावर कलण्याची चाचणी (वजन बाजूला सरकवून यॉट किती कलते ते मोजणं) करून आकडे पाठवू. वारा पडलेली सकाळ, दोर सैल, टाक्या एकतर काठोकाठ किंवा कोरड्या, आणि कल मोजणारा लोलक, हलू नये म्हणून, तेलाच्या बादलीत.

आपले कृतज्ञ,
आराखडा करणारे आम्ही तिघे